ज्वारीच्या कोठीतला फोन

पांढरकवडा
४ डिसेंबर २०१७

गझाला बेटी,

दुआ. पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसेल, म्हणून आधीच सांगते, मीच आहे, अम्मी. पेन नवीन आहे आणि मांडीवरचा पाट हलतो, त्यामुळे ओळी चढत गेल्या आहेत. घरात आपण हिंदी बोलतो, पण मला लिहिता येते ती चौथीपर्यंतची मराठी, आणि पुढची वाचनालयातल्या पुस्तकांनी शिकवलेली. तेव्हा हे मराठीत.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुला वाटेल. फोन माझ्याजवळ नाही. तो जमनाबाईच्या घरी, ज्वारीच्या कोठीत आहे. बिघडलेला नाही. मीच तिच्या हातात दिला आणि म्हटलं, आता हा माझ्यासमोर आणू नको. जमनाबाई आपल्या गाद्यांच्या खोळी शिवून द्यायची ते तुला आठवत असेल. आता ती दुकानातच बसते. तिची शिलाई मशीन तुझ्या अब्बांच्या बसायच्या जागी मांडली आहे. पहिल्या दिवशी ती तिथे बसायला तयार नव्हती. मीच म्हटलं, बस, जागा मोकळी दिसली की माझं लक्ष तिकडेच जातं.

फोन दिला तेव्हा ती म्हणाली, "काहून वं हुस्नाबी? लेकीचा फोन आला तं?"

मी म्हटलं, लेक फोन करत नाही.

तिने फोन पदरात गुंडाळला. पण गप्प राहणं तिला जमत नाही. लगेच म्हणाली, "बरं, ज्वारीत ठेवते. उंदरानं नेला तं मले बोलू नको."

तुला एक सांगायचं आहे. तू गेल्यापासून मी रोज तुझं स्टेटस पाहत होते. चोरून. तुला पत्ता लागू न देता. तू डबा उघडून फोटो टाकायचीस, त्यात भाजी कोणती आहे ते मी पाहायची. लॅबमधल्या पांढऱ्या कोटातली तू. तुझ्या खिडकीतला नागपूरचा रस्ता. तू बारीक झाली आहेस की फोटोच तसा आहे, ते मोठं करून करून पाहायची. पाहून झालं की फोन ठेवावा ना? तसं होत नसे. बोट आपलं वर सरकत राहायचं. कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, कोणाच्या वावरातली अळीने पोखरलेली बोंडं, ढाणकीच्या बाजारातलं भांडण, कोणाच्या पोराचा वाढदिवस. तासभर गेल्यावर डोकं वर केलं की गिऱ्हाईक दारात उभं, आणि मला त्या तासातलं काहीही आठवायचं नाही. तुझी भाजीसुद्धा नाही.

हे कधी लागलं तेही मला माहीत आहे. तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा अब्बा गेल्यानंतरची माझी इद्दत चालू होती. बाईने उंबरा ओलांडायचा नाही. मी उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथे थांबले, आणि तू रिक्षात बसताना वळून पाहिलं नाहीस. त्यानंतरचे सगळे दिवस चार भिंतींत होते आणि त्यात तो फोन ही एक खिडकी होती. मग इद्दत संपली, दार उघडलं, तरी मी खिडकीतच बसून राहिले.

अब्बांच्या चाळीसाव्या दिवशी आपलं जे झालं त्याबद्दल आज भांडत नाही. पण मी काही विसरले असंही समजू नको. अब्बांचा दवाखान्यातला व्हिडिओ, श्वासासाठी धडपडतानाचा, तू सगळ्या जगाला दाखवलास. रुई पिंजणाऱ्यांनी तोंडाला कापड बांधावं, म्हणून दाखवलास, हे मला कळतं. पण युनूस पिंजारी गिऱ्हाइकासमोर खोकलासुद्धा दाबून खोकायचा, आणि गावातली माणसं मातीला आली ती त्याला तसा पाहून आली. ते मला अजून खुपतं.

माझी तब्येत बरी आहे. हाताला पिंजायच्या मशीनचं थोडं लागलं आहे, विशेष नाही. सध्या रुई मी लावते आणि दाभण जमनाबाई चालवते. तुझ्या एका फोटोबद्दल विचारायचं होतं. आज नाही विचारत.

तुझी,
अम्मी

पांढरकवडा
२१ डिसेंबर २०१७

गझाला,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही बसले नव्हते. तरी पोस्टमन सायकल टेकवतो तेव्हा मी दाराकडे पाहते.

फोन नसताना कसं चाललं आहे ते लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर हसतील. पहिले काही दिवस हात आपोआप कमरेच्या बटव्याकडे जायचा. बटवा रिकामा. मशीनच्या घरघरीत मला फोनची घंटी ऐकू यायची, म्हणून मी मशीन बंद करायची, आणि मग कुठे काही नाही, फक्त हवेत रुई तरंगते आहे. चहा करायला लागले तर दूध उतू जाईपर्यंतचा वेळ कसा काढावा ते कळेना. पूर्वी आपण तेवढ्या वेळात काय करायचो गं?

एका दुपारी राहवलं नाही. उठले आणि जमनाबाईच्या घरी गेले. ती ज्वारी पाखडत होती. माझं तोंड पाहून तिला सगळं कळलं.

"पाह्यजे का?"

मी म्हटलं, हो.

"मंग घे ना. कोठी उघडीच हाये. मी का तुई सासू आहो अडवाले?"

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. मग मी भांडेन, ती खवळेल, आणि शेवटी मी हिसकावून घेईन. ती ज्वारी पाखडत राहिली. मी कोठीजवळ उभी राहिले, झाकणाला हात लावला. कोणी अडवणारं नव्हतं, म्हणून मलाच स्वतःला विचारावं लागलं की मला काय हवं आहे. फोन हवा होता का? नव्हता. तू जेवलीस का, एवढं हवं होतं. ते फोनमध्ये नव्हतं. फोनमध्ये डब्याचा फोटो होता. तो डबा तू खाल्लास की नाही ते फोटोत कधीच नव्हतं.

मी झाकण न उचलता तिच्याजवळ बसले आणि ज्वारी निवडू लागले. जमनाबाई म्हणाली, "आता आलीच हाय तं नीट निवड, त्यातले खडे माह्या दातात येतात."

दुकानाचं सांगते. यंदा अळीने सगळा कापूस खाल्ला. जे निघालं ते पिवळं, गाठी धरलेलं, ज्याला आपण कवडी म्हणतो. गिरणीवाले त्याला हात लावत नाहीत. लग्नं ठरलेली आहेत, पण नवी गादी कोणी मागत नाही. माणसं जुन्या गाद्या उसवून आणतात, तीच रुई पुन्हा पिंजा म्हणतात. त्यात मला बरं वाटतं. दबून दगड झालेली रुई मशीनमधून काढली की पुन्हा फुगते. आणि पिंजून झालं हे ती स्वतः सांगते, हातात घेतली की कळतं. फोनचं तसं नाही. बस झालं, असं तो कधी सांगत नाही. ते आपणच सांगायचं असतं, आणि मला ते येत नव्हतं.

गेल्या आठवड्यात ढाणकीचा जमीर आला होता, तोही पिंजारी. मशीनच्या पट्ट्याबद्दल विचारायला आलेला. त्याच्या गळ्यात दुहेरी कापड होतं. मी म्हटलं, थंडी लागते का? म्हणाला, "नाही भाभी, काम करताना तोंडाला बांधतो. गझालाताईचा व्हिडिओ पाह्यला तवापासून. आमच्याकडचे सगळे बांधतात."

मी त्याला चहा दिला. माझं मत काही बदललेलं नाही. पण ही गोष्ट तुझी आहे, ती माझ्याजवळ ठेवून घेणं बरोबर नव्हतं, म्हणून लिहिली. मीही कापड बांधते. का ते विचारू नको.

हे पत्र लिहायला फार वेळ लागतो. मध्ये मध्ये थांबावं लागतं.

अम्मी

पांढरकवडा
११ जानेवारी २०१८

गझाला,

काल दुपारी अफरोज आला. तो शेजारी फोन दुरुस्त करतो आणि एरवी आमच्याकडे येतो तो फक्त चहासाठी. काल घाईने आला.

"खाला, फोन कहाँ है तुम्हारा?"

"ज्वारीत."

"क्या?"

जमनाबाई म्हणाली, "पेरला हाय तिनं. मिरगात उगवते का पाह्यतो."

तो हसला नाही. "गझाला का फोन आया था. पूछ रही थी, अम्मी ठीक है ना? बहुत दिन से मेरा स्टेटस नहीं देख रही."

मला काही कळलंच नाही. मी विचारलं, मी पाहत नाही हे तिला कसं कळणार?

"अरे खाला! जो देखता है उसका नाम नीचे आता है ना. कब देखा, वो भी आता है."

जमनाबाईने शिलाई मशीन थांबवली. "म्हंजे इतके दिवस ही चोरून पाहे, अन् घरची मालकीण दारातच उभी?" आणि हसायला लागली ती पदराने डोळे पुसेपर्यंत. अफरोजही हसला. माझे कान तापले. मी रुईच्या ढिगाकडे तोंड करून उभी राहिले.

म्हणजे तुला माहीत होतं. रोज. मी डाळ शिजत असताना पाहिलं, दुकान उघडायच्या आधी पाहिलं, एकच फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. पुन्हा पुन्हाचं दिसतं का ते मी अफरोजला विचारलं नाही. काही शरम शिल्लक राहू दे म्हटलं.

मग मी त्याला दुसरी गोष्ट विचारली. तिला मला दाखवायचं नसतं तर? तो म्हणाला, बंद करता येतं, एका बोटाचं काम आहे. ते बोट तू चालवलं नाहीस, बेटी. मी रात्रीची भाकर करताना तेच मनात घोळवत होते. तुझ्या डब्याचे फोटो. कोण टाकतं गं रोज डब्यातली मेथीची भाजी जगाला दाखवायला?

अफरोजकडून हेही कळलं की तू दिवाळीनंतर खोली बदललीस, नवा पत्ताही त्यानेच दिला. म्हणजे माझी आधीची दोन पत्रं जुन्या घरमालकिणीकडे पडली असतील. जाऊन आण किंवा राहू दे. त्यांत मी एक गोष्ट लपवली होती, ती इथे लिहिते.

माझ्या हाताला थोडं लागलं नाही. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वरच्या पेरापासून गेलं आहे आणि मधल्याचं नख गेलं आहे. ही सगळी पत्रं डाव्या हाताची आहेत. पेनाचा काही दोष नव्हता. त्या दिवशी मशीन चालू होती. एका हाताने मी रुळाखाली रुई सारत होते आणि दुसऱ्या हातात तुझा फोटो होता. त्यात तुझे हात होते, कोपरापर्यंत मेंदी भरलेले. तोंड नव्हतं, फक्त हात. तो फोटो मी अंगठ्याने मोठा करत होते, बोटात अंगठी आहे का ते पाहायला. माझी लेक मला न सांगता कोणाची तरी होते आहे का, एवढंच मला शोधायचं होतं. रुळाने पकडलं तेव्हाही मी फोटोच पाहत होते. जमनाबाईने बटन बंद केलं म्हणून हात राहिला. मग तिने मला दवाखान्यात नेलं आणि वाटभर बोलत राहिली, मला चक्कर येऊ नये म्हणून. काय बोलली ते आठवत नाही, पण मध्ये एकदा तिने माझ्या सासरच्या सगळ्यांना शिव्या दिल्या होत्या.

घाबरू नको. जखम भरत आली आहे. हे तुला ओशाळवायला लिहीत नाही. फोटो तुझा होता, हात माझा होता.

काल अफरोज गेल्यावर जमनाबाई म्हणाली, "एकदा पाहून टाक ना. तुहं नाव दिसन, लेकीचा जीव थंड होईन. त्यात काय जाते?" ती कोठीकडे निघालीसुद्धा. मी तिला थांबवलं. पाहायचं माझ्या फार मनात होतं, तुझ्याशी खोटं बोलत नाही. पण मी पाहिलं असतं तर तुला एवढंच कळलं असतं की अम्मी जिवंत आहे. आणि मला एवढंच कळलं असतं की तुझ्या डब्यात आज काय आहे. मग पुन्हा तू तिथून दाखवणार, मी इथून पाहणार, आणि दोघी त्याला बोलणं समजणार.

म्हणून विचारते, सरळ. ती मेंदी कोणाच्या लग्नाची होती?

अम्मी

पांढरकवडा
२ फेब्रुवारी २०१८, शुक्रवार

बेटी,

आज मशीन बंद आहे. अफरोज सकाळीच येऊन सांगून गेला की तू माझ्या फोनवर आवाज भरून पाठवला आहेस आणि मी ऐकला नाही म्हणून तू त्याला हैराण केलं आहेस. जमनाबाईने फोन कोठीतून काढला, फुंकून त्यातली ज्वारी उडवली. अफरोजने तो त्याच्या दुकानात चार्जिंगला लावून ठेवला. आता तो माझ्यासमोर, अर्धवट शिवलेल्या रजईवर आहे.

उघडला तेव्हा किती काय काय येऊन पडलं होतं. सुप्रभात, फुलं, कोणाकोणाचे व्हिडिओ. बोट सरकायला लागलंच होतं. मग तुझं नाव दिसलं आणि त्याखाली ती लहानशी खूण, आवाजाची. मी बाकीचं तसंच सोडलं. ते सोडताना त्रास झाला नाही, याचं मलाच नवल वाटलं. स्टेटस तू सगळ्यांसाठी टाकतेस. हा आवाज माझ्या एकटीसाठी आहे.

मी तो अजून ऐकलेला नाही. जमनाबाई समोर बसून मला छळते आहे. "ऐक ना वं बाई! माहा जीव चालला. पोरीनं लगन केलं का नाही, थे तरी समजू दे." मी तिला म्हटलं, मला आधी लिहू दे. ती म्हणते, "येडी हाये तू. आधी लोक ऐकतात, मंग बोलतात."

मला उलटं करायचं आहे. इतके दिवस तू हसताना दिसलीस तर माझी भाकर गोड लागायची. नुसता रस्त्याचा फोटो असला तर मी दिवसभर चिडचिडी, गिऱ्हाइकावर ओरडायची. माझा सगळा दिवस तुझ्या फोटोवर ठरायचा, आणि तू तर तो सहज टाकून कामाला लागलेली असायचीस. आज तू काय म्हणालीस ते ऐकून लिहायला बसले, तर माझे शब्द तुझ्या आवाजाच्या मागे पळतील. म्हणून तू रागावली आहेस की रडली आहेस हे माहीत नसताना लिहिते. हे माझं बोलणं आहे, तुझ्या बोलण्यावर बेतलेलं नाही.

मेंदी तुझी असेल तर मुबारक. मला का कळवलं नाहीस ते मी विचारणार नाही, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. मुलगा नीट बोलणारा असावा, एवढंच. मेंदी दुसऱ्या कोणाची असेल, तरी चांगलं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी तुझी अम्मी आहे, आणि ते ठरवायला मला तुझ्या हाताचा फोटो मोठा करून पाहायची गरज नाही. हे कळायला मला अर्धं बोट लागलं. तुला स्वस्तात सांगते.

अब्बांची आठवण रोज येते. त्यात काही कमी-जास्त होत नाही. ती मशीनच्या आवाजासारखी झाली आहे, चालू असते आणि मी काम करते. व्हिडिओवरून आपलं जमणार नाही. जमू नये असंही नाही, पण आज जमत नाही. तरी एकाच घरात बसून दोन मतं ठेवता येतात. तुझे अब्बा आणि मी जन्मभर तसेच राहिलो.

फोन आता कोठीत जाणार नाही. जमनाबाई म्हणते तिच्या भाकरीला त्याचा वास येतो. तो बाहेर गिऱ्हाइकाच्या बाकाजवळ राहील, मशीनच्या खोलीत येणार नाही. मशीन थांबली की मी बाहेर येऊन पाहीन. कधी नाही पाहणार. एखाद्या दिवशी माझं नाव तुझ्या फोटोखाली दिसलं नाही तर घाबरू नको, अम्मी कामात आहे असं समज. आणि एखाद्या दिवशी खूपदा दिसलं, तर फोन करून रागाव.

आता ऐकते. जमनाबाईने कान पुढे आणला आहे.

ऐकला. पहिल्यांदा नुसता तुझा श्वास होता, आणि मला वाटलं फोन बिघडला. मग तू बोललीस. तुझ्या लॅबमधल्या मितालीचं लग्न होतं तर! जमनाबाईचं तोंड एवढंसं झालं, तिने मनात केव्हाच जावई पाहून ठेवला होता. तू जुन्या घरमालकिणीकडून दोन्ही पत्रं आणलीस, आणि नवा पत्ता कळवला असतास तर डाव्या हाताचं अक्षर तेव्हाच ओळखलं असतंस म्हणून स्वतःवर रागावतेस, ते सोडून दे. मी लपवलं होतं, तू कशी ओळखणार? जमीरचं वाचून तू रडलीस ते मला कळलं. तू नाक ओढलंस ते मोठ्याने ऐकू आलं.

शेवटी तू म्हणतेस, बोट कसं भरलं आहे ते मला पाहायचं आहे अम्मी, आत्ताच्या आत्ता फोटो पाठव.

फोटो पाठवणार नाही. येऊन बघ.

अम्मी